रापणीची अर्धी हाळी

गाववाल्यांनो, आज दुपारी इथे शहरात राजाजीनगरला बाबूकाकांकडे जाऊन आले. आपल्या किनाऱ्यावर आता रिसॉर्टंच रिसॉर्टं. निदान रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढतानाची हाळी तरी काकांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवू, म्हटलं.

काका सोफ्यावर बसून आठवत राहिले. काही येईना. शेवटी वैतागून म्हणाले, "बसान आठवणा नाय गो. हातात दोर व्हयो."

मग मी त्यांच्या सुनेची कपडे वाळत घालायची दोरी काढली आणि बाल्कनीच्या ग्रिलला बांधली. काकांनी पाय रोवले, अंग मागे टाकलं आणि हाळी आली! खणखणीत. खालच्या मजल्यावरच्या अक्का बाहेर येऊन वर बघायला लागल्या.

एका ओळीनंतर काका थांबले. मी विचारलं, "पुढे?"

"फुडचा दुसऱ्या दोरावरचे म्हणत. आमचा इतक्याच."

रापणीच्या जाळ्याला दोर दोन, किनाऱ्यावर ओढणाऱ्यांच्या रांगाही दोन. एकीने हाक द्यायची, दुसरीने उत्तर. काका दोरी ताणून उत्तराची वाट बघत उभे होते.

रिसॉर्टवाल्यांना शिव्या घालणं पुरे झालं. तुमच्या घरात दुसऱ्या दोरावरचं कोणी उरलंय का? असेल तर आजच जाऊन भेटा. आणि काही विचारण्याआधी त्यांच्या हातात दोरी द्या.