सुनंदाचं लिथियम

माझ्या बहिणीच्या गोळ्या देवीच्या ओटीत घातल्या, तेव्हा ताट मी धरलं होतं.

आज सुनंदाला जाऊन आठ वर्षं झाली.

माझी धाकटी बहीण. जालन्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायची. विश्व जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत हेलियम किती, लिथियम किती तयार झालं असेल, हे गणित मांडणं हा तिचा नाद.

"हेलियम बराबर येतं, ताई. लिथियमचंच जमत नाही. गणित सांगतं त्याचा तिसरा हिस्साच जुन्या ताऱ्यांत सापडतो."

लिथियमच्याच गोळ्या ती वीस वर्षं घेत होती. मनाच्या आजारासाठी. आधी आठ-आठ दिवस झोप नसायची, नाहीतर अंथरुणातून उठणं नसायचं. गोळ्यांवर ती नीट होती.

"ताऱ्यांत लिथियम कमी भरलं तर पेपर लिहितात. माझ्यात भरलं तर मेंटल म्हणतात." स्वतःच हसायची.

मग घनसावंगीच्या तिच्या सासूबाईंनी नवस बोलला. सून बरी झाली, तर गोळ्या देवीला.

"आता बराबर झाली ना ती? मंग रोज जहर कशाला गिळायचं?"

ती बरी होती ती गोळ्यांमुळे. मला हे कळत होतं. मी कॉन्व्हेंटची, एरवी भल्याभल्यांना दोन वाक्यांत गप्प करणारी. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून उभी राहिले.

नारळ, खण, चार स्ट्रिपा.

सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी काही म्हणते का, एवढंच.

चौथ्या महिन्यात तिने स्वतःला संपवलं. कसं, ते लिहिणार नाही.

विश्वाच्या पहिल्या मिनिटांचं भाकीत ती करायची. आम्हाला चार महिन्यांपुढचं दिसलं नाही.

काल तिच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. गेल्या वर्षापासून तिलाही तीच गोळी आहे.

"मावशी, एकदम छान वाटून राह्यलं मला. आजी म्हणती, देवीला जाऊन येऊ."

"आजची घेतलीस?"

"आजी बोलावती," म्हणून तिने फोन ठेवला.

तेव्हापासून मला भीती वाटते आहे.

खाली कुणी 'श्रद्धेचा विषय आहे' असं लिहू नका. देवीने गोळ्या मागितल्या नव्हत्या.

घनसावंगीच्या एसटीत बसले आहे. डॉक्टरांशी बोलले आहे, पल्लवीला घेऊनच त्यांच्याकडे जाणार. तिथे पाहुणे असोत नाहीतर अख्खं गाव, आज मी गप्प बसणार नाही.

सुनंदा, फोटोला हार घालायचा राहिला गं.

पल्लवीने माझ्यासमोर गोळी घेतली, की तीच तुला श्रद्धांजली.