दुसऱ्यांदा निवडलेली डाळ

दात गेले, आता तोंड बोलायला मोकळं झालं असं समजा. नातवंडांना मी सगळं सांगितलंय — विहिरीत पाडलेली घागर, सासूच्या वाटणीचा खाल्लेला गूळ. हे तेवढं नाही. हे कुणालाच नाही.

ऐकाल ना? की आधी थोडं हसवू?

तर तेव्हाची मी बघा. इंग्रजाचं राज्य. मी सोळा-सतरा वर्षांची, बारामतीत चौथी शिकलेली, इंदापूरकडच्या कॅनॉलकाठच्या गावात दिलेली. लुगड्याचा ओचा सांभाळता येत नव्हता, पण शहाणपण गावभर वाटत फिरत होते. माझं एकच म्हणणं — वास्तू कान देऊन असते, आपण बोलू त्याला 'तथास्तु' म्हणते. म्हणून वाईट बोलायचंच नाही. चांगलं मनात धरा, चांगलंच होतं. नवऱ्याला हिवताप आला, तेव्हा मी त्याला वाजत्या दातांनी 'मी ठणठणीत हाय' म्हणायला लावलं. ताप उतरला. पोटात हिवतापावरचं औषध, कोयनेलही गेलं होतं, पण ते मी कशाला सांगू? बायका पोरं घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. मी टम्म फुगले.

आणि मग ठकू.

माझी धाकटी नणंद, दहा-अकरा वर्षांची. सारखी माझ्या मागं-मागं. एकदा म्हणाली, "वैनी, मला धुरकट दिसतंय गं." मी तिच्या तोंडावर हातच ठेवला. "तसं म्हणायचं न्हाय. स्वच्छ दिसतं म्हण." ती म्हणाली. मग रोजच म्हणू लागली — उठल्याबरोबर, माझ्याकडे तोंड करून. शाबासकीसाठी.

मी खरंच मानत होते का हे? सुरुवातीला, हो. तिथवर नुसता मूर्खपणा होता. त्याचं मला एवढं काही वाटत नाही.

पण एका सकाळी ती तुरीची डाळ निवडत बसली होती. मान वर, तोंड दाराकडे, आणि बोटं सुपात चाचपत होती. खडे तसेच. मला कळलं — सगळंच कळलं. मग मी काय केलं? ती उठून गेल्यावर सूप पुढ्यात ओढलं आणि डाळ परत निवडली. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. कुणाच्या दाताखाली खडा येऊ नये — म्हणजे कुणी विचारू नये.

त्याच दिवसांत बारामतीला डोळ्यांचे डॉक्टर आले. आमच्या सासऱ्यांना, आबांना, पोरीची चाल वेगळी वाटत होती. बैल सोडून ते गाडी जुंपायला निघाले, आणि उंबऱ्याशी थांबले. "सूनबाई, तू तिच्यासंगं असतीस. दिसतं का गं तिला नीट?"

आता येतंय ते. थांबा — पदर सारखा करते.

मी दाराआडून म्हणाले, "आबा, रोजची डाळ तीच निवडती. लागला का कधी खडा?"

सगळे हसले. ठकूही हसली. बैल परत दावणीला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात ती ओसरीच्या खांबाला धडकली, तेव्हा नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली असती तर एक डोळा तरी राहिला असता. आबांनी आमच्या गुऱ्हाळाच्या धुराला दोष दिला, मग स्वतःला — पोरीला रस उकळायच्या चुलवाणापाशी बसू दिलं म्हणून. पुन्हा गुऱ्हाळ लावलं नाही. काकवी जीव की प्राण, तीही सोडली. मरेपर्यंत तेच बोलत राहिले. मी ऐकत राहिले.

ठकू जन्मभर हसतमुख राहिली, हे खरं. कसं चाललंय विचारलं की, "ब्येस!" लोक म्हणत, वहिनीनं तिला मन चांगलं ठेवायला शिकवलं. चांगल्या विचारानं माणूस तरतो का? ती तरली, असंच म्हणावं. पण डोळे? डोळ्यांना विचार नको होता, बैलगाडी हवी होती.

ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही दोघी म्हाताऱ्या उन्हाला बसलो होतो. माझ्या मांडीवर सूप. ती हसतच म्हणाली, "वैनी, सूप हलवायची तुझी तऱ्हाच न्यारी. ल्हानपणी मी निवडून उठले की तू परत निवडायचीस नव्हं? ऐकू यायचं मला."

माझं सूप हलायचं थांबलं.

"मला वाटायचं, वैनीला कळलंय. आता ती आबांना सांगंल."

तिनं चाचपत हात पुढं केला, माझ्या मांडीवरचं सूप आपल्याकडे ओढलं आणि निवडायला लागली.