सोनूदादांचा अर्धा फटका

गोल्फचा चेंडू मारला की सगळ्यांच्या माना वर जातात. सोनूदादांची नजर मात्र खालीच. दोन पावलं पुढे येऊन ते उकिडवे बसायचे आणि काठी जिथे जमिनीला लागली तिथल्या मातीवरून बोट फिरवायचे. "बॉल कुठं गेला ता तुमालापन दिसताय, सायेब," ते म्हणायचे. "का गेला ता हितं बगायचा."

रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या माथ्याच्या पठारावर, आमच्या कारखान्याची वसाहत होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या एका हौशी मॅनेजरांनी तिथल्या कातळावर सहा होलांचं गोल्फचं मैदान करून घेतलं. कातळावर हिरवळ कुठली धरायला? म्हणून होलभोवती तेल पाजलेल्या वाळूचे गोल केले. त्यांना आम्ही 'ब्राऊन' म्हणायचो. मैदान राखायला माणूस हवा होता, तेव्हा सोनू गोताड सापडले. संगमेश्वराकडच्या एका गावचे. मुंबईच्या एका क्लबात तीस वर्षं कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागून फिरायचे. गुडघे दुखायला लागले तसे परत आले, आणि बायको काशीवहिनींसह वसाहतीच्या कडेच्या खोलीत राहू लागले.

मी तिथे इंजिनिअर. चाळिशीत खेळायला लागलो. लांबचा फटका बरा बसायचा, पण ब्राऊन चाळीस पावलांवर आला की माझं बिनसायचं. तिथे वेज नावाची तिरक्या तोंडाची काठी अर्धीच फिरवून चेंडू अलगद उचलून टाकायचा असतो. माझी काठी कधी आधी मातीत रुतायची आणि चेंडू चार पावलांवर पडायचा. कधी ती चेंडूच्या डोक्यावर बसायची आणि तो आडवाच सुसाट सुटायचा. "मागं काठी नेताय पुऱ्या फटक्याची," सोनूदादा सांगायचे, "न खाली येताना भिताय. मधीच हात आखडला की आसाच व्हनार." मी मान डोलवायचो आणि पुन्हा तेच करायचो.

गणपती होऊन गेल्यानंतरचा एक रविवार. सोनूदादा ब्राऊनवरची वाळू सारखी करत होते. मी हाक दिली, तसे ते बाजूला झाले. धड खेळणाऱ्याचा चेंडू तिथवर कधीच गेला नसता. माझा गेला. काठी चेंडूच्या डोक्यावर बसली, आणि मी ओरडेपर्यंत सोनूदादा कपाळ धरून खाली बसले होते. बोटांमधून रक्त येत होतं.

जीपमधून दवाखान्यात नेलं. भुवईवर सात टाके पडले. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा दवाखान्यात गेलो, पण दारातूनच काशीवहिनींकडे चौकशी करून परतलो. आत जाऊन सोनूदादांकडे बघायचं धाडस होईना. घरी काठ्या माळ्यावर टाकल्या. कारखान्यात जायचा रस्ताही बदलला, मैदान लागू नये म्हणून.

तीन आठवड्यांनी तेच माझ्या दारात आले.

"काठ्या कुठं हायत?"

"सोनूदादा, मी सोडलं ते."

"काशी बोलली. म्हनून तर आलो." ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "मुंबयला एका सायबाचा बॉल माज्या खांद्यावर बसला व्हता. मानूस चांगला. सोताच्या गाडीतनं हास्पिटलात नेलान मला. पन त्येच्यानंतर माज्याकडं बगायचाच सोडलान. दुसरा कॅडी घेतलान. समोर आलो की मान वळवायचा." ते माझ्याकडे वळले. "मी काय केला व्हता, सायेब?"

मी स्टूल घेतलं आणि वेज खाली काढली.

पहिले आठ दिवस चेंडूच नाही. पाय जवळ, भार डाव्या पायावर. काठी मागे फक्त कमरेपर्यंत, पुढे मात्र त्याहून जास्त. "छाती वळू द्या. नुसत्या मनगटानं उचलायला जाऊ नका, उचलायचा काम काठीचा हाय." सड्यावरचं गवत तेव्हा वाळायला लागलं होतं; त्याचं बूड झाडत मी संध्याकाळभर काठी फिरवायचो आणि ते प्रत्येक खूण वाकून बघायचे.

नवव्या दिवशी त्यांनी चेंडू ठेवला. मी काठी मागे नेली आणि ते टाके आठवले. काठी मातीत रुतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी काठी धरली.

"माज्या कपाळाची चोरून आठवन काढताय. आसा नको. सरळ बगा."

मी बघितलं. भुवईवर गुलाबी, किंचित वाकडा व्रण होता. माझं पुरेसं बघून होईपर्यंत ते हलले नाहीत.

"झाला? आता मारा."

टक् असा कोरडा, बारीक आवाज आला. चेंडू वर गेला, वाळूवर पडला आणि तिथेच थांबला. "हां," ते खालूनच म्हणाले, "आज माती बॉलच्या फुडं खरवडली, मागं नाय." मला मात्र चेंडूपेक्षा त्या "हां"नेच भरून आलं.

चारेक वर्षांनी माझी बदली झाली. शेवटच्या संध्याकाळी मी वेज त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आज तुम्ही मारा."

ते मागेच सरले. "मी?"

तेव्हा कळलं. मुंबईच्या त्या क्लबात कॅडींना खेळायला बंदी होती, आणि इथे त्यांना खेळा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी एकही चेंडू मारला नव्हता. शर्टाला हात पुसून ते उभे राहिले. पहिला चेंडू चार पावलांवर पडला. ते इतके हसले की खाली बसावं लागलं. दुसरा गवतात सरपटत गेला. तिसराही. चौथा मात्र उंच उठला, ब्राऊनवर उतरला.

"आजून हायत काय?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी त्यांच्यासमोर उलटी केली. ते मारत होते, मी पळत जाऊन चेंडू वेचून आणत होतो. दिवे लागायच्या सुमाराला काशीवहिनी त्यांना शोधत आल्या आणि आम्हा दोघांकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय चाल्लाय ह्या?" त्यांनी विचारलं.

सोनूदादांनी पुढचा चेंडू पायाशी ओढला.

"खेळतोय," ते म्हणाले.