भावातला फरक

९ सप्टेंबर. सकाळी टॉवेलांचे गठ्ठे बांधायला बसले. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत माझ्या दोन शिलाई मशिनी आहेत. एका कारखान्याचे टॉवेल कडा शिवायला माझ्याकडे येतात, शिवून झाले की स्कूटीवरून मी परत पोचवते. त्या दिवशी हात घाईत होते आणि डोकं तापलेलं. मुलीला पुण्यात फार्मसीला प्रवेश मिळाला होता. गुरुवारपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार होती. आणि आदल्या संध्याकाळी नवऱ्याने दुबईहून फोनवर सांगितलं होतं, "पुण्याचं विसर. सोलापुरातच कुठंतरी घाल तिला. रुपया पडलाय, बातम्या बघत नाहीस का?"

बातम्या मी बघते. रुपया पडला होता, हे खरं होतं.

नवरा तिकडे इलेक्ट्रिशियन आहे. बोलताना मी त्याला अहोजाहो करते. इथे लिहिताना ‘तो’ येतंय, येऊ दे. तो गेला तेव्हा मुलगी अंगणवाडीत होती आणि एका दिरहमला बारा-तेरा रुपये मिळायचे. हा भाव त्यानेच पहिल्या वर्षी कौतुकाने सांगितला होता. पुढे भाव कधी सांगितला नाही, नुसती बातमी यायची: रुपया पडला. म्हणजे या महिन्यात पैसे कमी. "दिरहम मी तेवढेच टाकले गं, रुपयानं खाल्ले."

मला ते सरळ वाटलं. कांदा पडला की यार्डात रडारड होते. टॉवेल पडला की आमची मजुरी कापतात. आमच्याकडे जे पडतं ते नुकसानीतच पडतं. रुपया तेवढा वेगळा कसा पडेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना मी आत्या म्हणते. टीव्हीवर खालची पट्टी सरकली की त्या स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, "पडला की गं परत!" जणू शेजारचं कुणी जिन्यावरून पडलं. मग त्या महिन्यात दुधाची एक पिशवी कमी व्हायची आणि माझं मशिनीवरचं काम वाढायचं. दुसरी मशीन अशाच एका पडझडीत घेतली.

गठ्ठे घेऊन कारखान्यावर पोचले, तर ऑफिसात भजी चाललेली. शेठ स्वतः ताट फिरवत होते. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे कामावरची प्रत्येक बाई त्यांची अक्का.

"घ्या अक्का, गरम हायत."

"काय, नात झाली का?"

"रुपया पडला की हो! एवढा खाली कधी गेला नव्हता."

मला चेष्टा वाटली. म्हटलं, "लोकांच्या चुली विझायची वेळ आली, आणि तुम्ही भजी तळताय?"

"आपला माल जातो कुठं? बाहेर. पैसे येतात डॉलरमध्ये. रुपया पडला म्हणजे डॉलर चढला. तेवढ्याच डॉलरचे जास्त रुपये. तुमचे मालक तर दुबईत हायत, तुम्ही जिलेबी वाटायला पाहिजे."

"दिरहमचं वेगळं असेल."

"वेगळं कशाचं? दिरहम डॉलरला बांधलेला. डॉलर चढला की तो पण चढतो. मालक गेले तेव्हा भाव काय होता?"

"बारा-तेरा."

त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. चोवीसच्या जवळ होता. "दुप्पट की अक्का. बसल्या जागी पगारवाढ."

तोंडातलं भजं गिळलं. गठ्ठे ताब्यात दिले आणि निघाले. चौकात सिग्नल सुटला तरी मी उभीच. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, हितंच घर बांधताय व्हय?"

घरी आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. चप्पल न काढताच विचारलं, "आत्या, रुपया पडला की आपल्याला जास्त पैसे मिळतात. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांचा हात थांबला. "मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं?"

"मग कुणाला कळतं?"

त्यांनी टरफलं गोळा केली. मग म्हणाल्या, "हे बघ, धाकट्यानं होटगीत घर बांदाय काढलं. त्याला दुसरं कोन हाय? भाऊच भावाला देतो की."

होटगीचं ते दोन मजली घर मी बघितलं होतं. वास्तुशांतीला पोळ्या मी लाटल्या होत्या. "सगळं कर्ज काढून, वहिनी," असं दीर म्हणाला, तेव्हा मला त्याची काळजी वाटली होती. त्याच्या खिडक्यांचे पडदे मी फुकट शिवून दिले.

नवऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"आज दिरहमचा भाव काय?"

"कशाला?"

"सांगा तर."

"बघावं लागेल."

"मी बघितलाय. होटगीचं घरही बघितलंय."

पलीकडे कुणीतरी हिंदीत हसत होतं. तो लांब गेला असावा, कारण आवाज कमी झाला. "तुला सांगितलं असतं, तर देऊ दिले असतेस का?"

मी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "दिले असते. निम्मे."

मीच फोन ठेवला.

भावाचं निमित्त सांगून भावाला दिले. लिहिताना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. नवरा, दीर, आत्या, तिघांनाही रुपया कोणत्या बाजूला पडतो ते माहीत होतं, आणि दर वेळी त्यांनी मला सुतकात बसू दिलं. "पडला की गं परत" म्हणताना आत्यांचा चेहरा कसा असायचा, ते मी आठवून बघितलं. दुःखी असायचा. ते मला पैशापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मोबाईलवर भाव बघितला. मुलीच्या खात्याचा नंबर, फीचा आकडा आणि त्या भावाने त्याचे किती दिरहम होतात तो आकडा, एवढं नवऱ्याला पाठवलं. खाली एक ओळ लिहिली: आज बारापर्यंत. आत्यांचा चहा करून झाकून ठेवला. मुलीला उठवलं, तिची कागदपत्रं माझ्या पिशवीत घातली, मजुरीच्या पैशातून तिकिटं काढली आणि आम्ही पुण्याच्या एसटीत बसलो. पैसे नाही आले तर काय करायचं, ते वाटेत टेंभुर्णी येईपर्यंत ठरवायचं होतं.