लाल दोऱ्याची कॅसेट

महांतेशअण्णांचा आवाज उत्तरेश्वर पेठेच्या एका टोकाला उमटला की दुसऱ्या टोकाला कळायचं, अण्णा चहाला बाहेर पडले. तरुणपण सगळं उद्यमनगरात लेथवर गेलेलं. मशीनच्या खडखडाटात ओरडूनच बोलायची सवय लागली ती लागलीच. कुणाच्या जावयाची मिशी, कुणाच्या म्हशीचं पाणचट दूध, कशावरूनही कट्ट्यावर बसून टोमणे चालायचे. असा माणूस पोटात काही ठेवू शकणार नाही, यावर मी पैज लावली असती. बरं झालं लावली नाही, साफ हरले असते.

मूळचे ते गडहिंग्लजकडचे. घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली. आई बसव्वा, तिला अख्खी पेठ अव्वा म्हणायची. नव्वदच्या सुमाराला आखातातल्या एका कंपनीत फिटर म्हणून अण्णांना नोकरी लागली आणि मग त्यांच्या ओळखीनं पेठेतले बरेच जण तिकडं गेले. त्यात आमचे हे, म्हणजे विजयसिंह, आणि ह्यांचा चुलतभाऊ हंबीररावही. मी तेव्हा नवी नवरी होते.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे, म्हणून तेव्हाची गोष्ट सांगावी लागते. पत्र लिहिलं तर इथं ते सासऱ्यांच्या हातून पोस्टात जायचं, तिकडं एका खोलीत राहणारे सगळे मिळून वाचायचे. फोन शुक्रवारी यायचा, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. काचेची केबिन, बाहेर रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाचा कान आत. मला तर बूथवर एकटीला कधी पाठवायचेच नाहीत. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे 'जेवला का' आणि 'पाऊस आहे का' एवढंच.

यावर अण्णांनी उपाय काढला कॅसेटचा. सुट्टीवर आले की ते आपला टेपरेकॉर्डर मधल्या खोलीत मांडायचे. ज्या घरचं माणूस तिकडं आहे त्यांनी यावं, नव्या कॅसेटवर हवं ते बोलावं, जाताना अण्णा घेऊन जातील. कुठली दोन बटणं एकदम दाबायची ते दाखवून अण्णा बाहेर पडायचे आणि दार ओढून घ्यायचे. अव्वा दाराबाहेर खलबत्ता घेऊन बसायची आणि आतलं बोलणं संपेपर्यंत शेंगदाणे कुटायची, म्हणजे उंबऱ्यावर उभं राहिलं तरी आतलं अक्षर कळू नये. अण्णांच्या सुट्टीत पेठेतल्या निम्म्या घरांत शेंगदाण्याची चटणी असायची ती यामुळं.

कॅसेटवर नाव घालायचं नाही, हाही त्यांचाच नियम. नाव दिसलं की चार जणांना वाटतं, बघू तरी काय म्हणते ही. अण्णांचा मेहुणा कबनूरला यंत्रमागावर होता, त्याच्याकडून ते रंगीत सुताचे तुकडे आणायचे आणि प्रत्येक घराच्या कॅसेटला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचे. कुठला रंग कुणाचा ते फक्त त्यांच्या डोक्यात. माझा लाल होता. एकदा मी चेष्टेनं विचारलं, अण्णा, वाटेत एखादी लावून ऐकत असाल की. ते चेष्टेचे बादशहा, पण त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, मी नुसता पोस्टमन हाय.

त्या वर्षी मी जे बोलले ते मात्र 'जेवला का' नव्हतं. सासरच्या घरात एका माणसाचं वागणं असं होतं की मला तिथं रात्रीची झोप लागत नव्हती. काय ते इथं लिहीत नाही. सासूला सांगून उपयोग नव्हता, माहेरी सांगायची हिंमत नव्हती. एकच माणूस होता ज्याला सांगता येईल आणि तो समुद्रापलीकडं. अव्वाच्या खलबत्त्याच्या आवाजात मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, परत या. बाहेर आले तेव्हा अव्वानं माझ्या डोळ्यांकडं बघितलं. हातावर चटणीचा पुडा ठेवला. अण्णांनी कॅसेटला लाल दोरा बांधला आणि ती बाकीच्यांच्या तळाशी ठेवली.

पुढचं मला अण्णांनी कमी आणि हंबीररावांनी जास्त सांगितलं. दोघंही सुट्टी संपवून एकाच विमानानं परत निघाले होते. तिकडं उतरल्यावर विमानतळावरच्या तपासणीत अण्णांची बॅग उघडली आणि टेपरेकॉर्डरबरोबर कॅसेटचा गठ्ठा निघाला. नाव कशावरच नाही, नुसते रंगीत दोरे. आपल्याला वाटतं, नाव नसलं की झाकलं गेलं. पण तपासणाऱ्याला ती चोरट्यांची खूण वाटली. हिंदी येणाऱ्या एका हमालामार्फत त्यानं विचारलं, हे काय आहे? अण्णांनी नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं. त्यांचा नेहमीचा आवाज म्हणजे परक्याला भांडणच. आणखी दोन अधिकारी धावत आले.

रंगांचा अर्थ सांग, म्हणाले. घरोघरची बोलणी आहेत, अण्णा म्हणाले. कुणाकुणाची? ते सांगणार नाही. ऐकायची असेल तर माझी ऐका, असं म्हणून त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची कॅसेट स्वतः पुढं केली. काउंटरवरच्या मोठ्या टेपवर अव्वाचा कानडी आवाज सुरू झाला. अंग दुखतंय का, डोक्याला तेल लाव, उन्हात फिरू नको. रांगेतले कानडी समजणारे लोक हसले. पंचेचाळिशीच्या बाप्याला आई तेल लावायला सांगते हे सगळ्या विमानतळाला कळलं. अण्णांनी मान खाली घालून तेवढं सोसलं.

अधिकाऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं विचारलं, यांची भाषा येणारं कुणी आहे का? आणि हंबीरराव पुढं आले. त्यांच्या मनात पाप नव्हतं. आपल्या गावच्या माणसाची सुटका करावी, झालंच तर चार लोकांत आपलं नाव व्हावं, एवढंच. पण हंबीररावांच्या कानावर पडलेली गोष्ट म्हणजे आमच्या घरच्या सोप्यावर पडलेली गोष्ट. हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

तिथं अण्णांची चूक झाली. त्यांचा हात आपसूक लाल दोऱ्यावर गेला. अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि नेमकी तीच उचलली. अण्णा म्हणाले, ही लावू नका. कचऱ्यात टाका, जाळा, मला परत पाठवा, पण लावू नका. असं म्हटल्यावर कुठला अधिकारी सोडेल? त्यानं अव्वाची कॅसेट बाहेर काढायला टेपचं झाकण उघडलं. लाल दोऱ्याची शेजारीच ठेवली होती. अण्णांनी ती झडप घालून घेतली, बोट घालून आतली पट्टी ओढली आणि लेथवर राबलेल्या हातांनी तिचे तुकडे तुकडे केले. पायाशी तपकिरी पट्टीचा ढीग पडला. हंबीरराव सांगतात, मी ओरडलो, अण्णा, खुळावलास काय, नोकरी जाईल. अण्णा थांबले नाहीत.

त्यांना एका खोलीत बसवून पुन्हा पुन्हा एकच विचारलं, त्यात काय होतं? अण्णा म्हणाले, ठाऊक न्हाय. हे मात्र कुणालाच पटेना. न ऐकलेल्या गोष्टीसाठी माणूस एवढं करतो, यावर जगात कुठं विश्वास ठेवतील? शेवटी व्हिसा रद्द केला आणि पहिल्या विमानानं परत धाडलं. नोकरी गेली. पेठेत अण्णांचं घर अर्धं बांधून झालं होतं, भिंतींना गिलावाही नव्हता. तो पुढं कितीतरी वर्षं झाला नाही.

परत आल्यावर घरोघरी जाऊन त्यांनी बाकीच्या कॅसेट परत दिल्या. आमच्या दारात मात्र आले नाहीत. अव्वानं मला चटणी न्यायला बोलावलं. मी गेले, तर अण्णांनी लाल दोरा गुंडाळलेली रिकामी कॅसेट माझ्यापुढं ठेवली.

"वैनी, तुमची टेप पोचली न्हाय. पण कुणाच्या कानावर बी पडली न्हाय."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. त्या कॅसेटवर माझं सगळं होतं. आता परत कोण जाणार, कधी जाणार? मी जे तोंडाला येईल ते बोलले. तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा, मला त्याचा काय उपयोग, असंही म्हणाले. नोकरी त्यांची गेली होती आणि ओरडत मी होते. अण्णा ऐकून घेत राहिले. त्यांचा तो जगप्रसिद्ध आवाज त्या दिवशी निघालाच नाही.

आमचीच तेवढी कॅसेट परत आली नाही हे पेठेनं हेरलं आणि इकडं वेगळंच शिजायला लागलं. दुसऱ्याच्या बायकोच्या कॅसेटसाठी हा नोकरी का घालवतो? लोकांना जीभ असते आणि ती रिकामी ठेवायची नसते. तिकडं हंबीररावांनी हीच गोष्ट ह्यांना तिखटमीठ लावून सांगितली. शुक्रवारी बूथवर फोन आला. माझ्याबरोबर घरातलं जे माणूस आलं होतं, ते तेच, ज्याच्याबद्दल मला बोलायचं होतं. फोनवर ह्यांचा पहिला प्रश्न होता, टेपमध्ये काय होतं? मी 'जेवला का' विचारलं. ते पुन्हा विचारायला लागले, आवाज चढत गेला. पाठीमागे तो माणूस उभा, बाहेर रांग. आता हा फोन ठेवला की सगळं संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. कट्ट्यावरून काचेतून मला बघून अण्णा आले होते. त्यांनी रिसीव्हर मागितला, मी दिला. मग अख्ख्या उत्तरेश्वर पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले.

"विजयसिंह, म्या ती टेप ऐकलेली न्हाय. ऐकायची बी न्हाय. पर बाईमाणूस दार लावून बोलतंय म्हंजे ते दार लावूनच ऐकायचं असतंय. तू घरला ये आन तिच्या तोंडनं ऐक. लोकांचं काय ऐकू नगंस."

रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते निघून गेले. पलीकडून हे म्हणाले, येतो.

आले. संशयानं आले की काळजीनं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. आले हे महत्त्वाचं. मी दार लावून सगळं सांगितलं. त्यानंतर आम्ही राजारामपुरीत भाड्याची खोली घेतली आणि त्या घराचा उंबरा मी पुन्हा चढले नाही. हे परत आखातात गेले नाहीत. कॅसेटवर मी मागितलं होतं ते सगळं मिळालं, कॅसेट न पोचता.

अण्णा पुन्हा लेथवर उभे राहिले. वयानं ते झेपेना तेव्हा पेठेतच रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान काढलं आणि दोन हजार चार-पाचच्या सुमाराला त्यात मोबाइल आले. आता माणूस आपलं अख्खं घर खिशात घेऊन हिंडतो आणि बिघडलं की ते अनोळखी माणसाच्या हातात देतो. अण्णा फोन उघडायचे तो गिऱ्हाइकासमोर. चालू झाला की पडदा त्याच्याकडं फिरवायचे, आत काय आहे ते तुम्हीच बघा म्हणायचे. दुरुस्तीला राहिलेल्या फोनला कबनूरचा रंगीत दोरा. एकदा बाळासो म्हणून एक ओळखीचे गृहस्थ कॉलेजातल्या मुलीचा फोन घेऊन आले, त्यातले मेसेज काढून द्या म्हणाले. अण्णांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. ज्याचा फोन त्यानं यावं, एवढंच म्हणाले, पण अशा आवाजात की बाळासो रस्त्याच्या पलीकडं गेल्यावरच थांबले. माणसं असल्या दुकानदाराला खडूस म्हणतात. मी म्हणते, असा खडूस प्रत्येक पेठेत एक तरी असावा.

मध्ये आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो होतो. माझा फोन बंद पडला होता. अव्वा आता नाही, अण्णांना जरा कमी ऐकू येतं, आवाज मात्र तसाच. रिकामी कॅसेट मी अजून कपाटात ठेवलीय, हे त्यांना सांगितलं. त्या दिवशी बोलले त्याचं मनाला लागून राहिलंय, तेही सांगितलं. ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी मान हलवली. मग मी म्हणाले, अण्णा, ज्याच्यापायी नोकरी गेली ते तुम्हाला तरी कळायला हवं. त्या टेपमध्ये काय होतं ते आज सांगते.

अण्णांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"नगं वैनी. आता ऐकलं तर ती नोकरी फुकटच गेली की."

आणि त्यांनी माझ्या फोनला लाल दोरा बांधला.