बशीतलं नाणं, हातातली नोट

टिप ठेवणं हे आमच्या घरात ह्यांचं खातं होतं. हे गेल्यावर गॅसचं बुकिंग, लाइटबिल, बँक सगळं शिकले. पण मंडईजवळच्या हॉटेलात पहिल्यांदा एकटी बसले आणि बिलाबरोबर बडीशेपेची बशी समोर आली, तेव्हा मला घाम फुटला. किती ठेवतात? ठेवून लगेच उठायचं, की जरा थांबायचं? शेवटी पर्समधलं दहाचं नाणं बशीत टाकलं आणि चोरासारखी बाहेर पडले.

पोहे मला घरीही येतात, आणि त्या हॉटेलापेक्षा बरे येतात. पण एका माणसासाठी भिजवायचे म्हणजे मूठभर, आणि खाताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची. मुलगा पुण्याच्या पार टोकाला, मांजरी भागात, नव्या टॉवरमध्ये. म्हणायला एकाच गावात आहोत. पण त्याच्या मते आमच्या कसबा पेठेत गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे आईला भेटायलाही सवड नाही. म्हणून मी रोज सकाळी चालत त्या हॉटेलात जायला लागले. तिथला वेटर नेपाळचा, पन्नाशीला आलेला. पुण्यात इतकी वर्षं काढली होती, की टोमणेसुद्धा शिकला होता.

"काकू, पोहे गार झाले. मनात कुणाला शिव्या देताय?"

"तुझ्या मालकाला. शेंगदाणे काय सोनाराकडून आणतो का रे?"

"हळू बोला. ऐकलं तर तेवढेही बंद करेल."

बस, एवढंच. दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं ते एवढंच, खोटं कशाला सांगू? पोह्यांचं निमित्त. निघताना मी बशीत नाणं टाकायची, ते तो गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायचा, आणि डबा आठवड्यानं सगळ्यांत वाटला जायचा. कुणी दिलं, कुणाला मिळालं, काही पत्ता नाही.

गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या सहलीबरोबर काठमांडूला गेले. हे असताना आम्ही एकदाच परदेशी गेलो होतो, श्रीलंकेला. तिथे नाणी ढीगभर मिळाली. ह्यांनी पुणेरी शिरस्त्याप्रमाणे ती बशीत ठेवली, तर तिथला वेटर धावत दारापर्यंत आला, "साहेब, तुमचे सुटे राहिले!" सेवेचे पैसे आधीच बिलात धरलेले. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी हॉटेलवर पोचेपर्यंत हसत होते.

नेपाळात सगळं उलटं. नाणं दिसेल तर शपथ! पाच रुपयांचीसुद्धा नोट. आता नोट बशीत ठेवली तर पंख्यानं उडणार, म्हणून ती देताना मी हातातच दिली. जेवण वाढणाऱ्या माणसानं उजवा हात पुढे केला, डावा हात उजव्या कोपराला लावला, मान झुकवली आणि नोट घेतली. घेताना माझ्याकडे बघितलं. हे गेल्यापासून माझ्या हातातून कुणी काही असं घेतलं नव्हतं. भर माणसांत मला रडू यायला लागलं. शेजारच्या बाईंना म्हटलं, लोणचं तिखट आहे हो.

तेव्हाच ठरवलं, की परत गेल्यावर आपल्या मंडईजवळच्या वेटरलाही असंच द्यायचं. आपण मेले देवळातल्या पेटीत टाकावं तसं नाणं टाकतो आणि चालू लागतो. त्या बिचाऱ्याला त्याच्या गावच्या रीतीनं दिलं तर किती बरं वाटेल!

पुण्यात आल्यावर पहिल्याच सकाळी त्याच्या हातात वीसची नोट ठेवली. तो दचकला. मग त्याचा डावा हात आपोआप कोपराला गेला. मला वाटलं, जिंकलं! रोज देऊ लागले.

दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची पुसून ठेवलेली. पोहे वाफाळते, वर शेंगदाणे सढळ. आणि मी काकूची झाले हजूर, म्हणजे त्यांच्याकडचं 'बाईसाहेब'. "अजून काही, हजूर?"

"तुझा आचारी आज मीठ सासरी ठेवून आला का रे?" मी म्हटलं.

त्यानं गंभीरपणे बशी उचलली आणि दुसरी आणून ठेवली. अरे देवा! "गंमत केली रे," म्हटलं, तर "हो, हजूर" म्हणून हात बांधून उभा. पुढे रोज हेच. गरम पोहे खायची आणि गप्प घरी यायची. घरी तर गप्प बसायचंच असतं, त्यासाठी मंडईपर्यंत पाय कशाला मोडायचे?

म्हणून पुन्हा नाण्यावर आले. बशीत दहाचं नाणं टाकून उठले, तर तो मागोमाग दारात.

"हजूर, माझं काही चुकलं?"

"चुकलं नाही रे. तू बोलेनासा झालास. मला ते बोलणं हवंय, बाकी काही नको."

त्यानं खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "मोठ्या माणसानं हातात दिलं, मी हातात घेतलं. आता मान ठेवायला पाहिजे ना? थट्टा कशी करणार? बशीतलं कुणाचंच नसतं, म्हणून तेव्हा चालायचं."

"मग बशीतच ठेवते. मिटलं?"

"मिटलं," तो म्हणाला. मग आत वळता वळता म्हणाला, "काकू."

दुसऱ्या दिवशी पोहे ठेवताना त्यानं खरंच टोमणा मारला. "काकू, आज एवढ्या लवकर? घरातल्या झुरळांनी हाकललं?" आणि मारून थांबला. मला राग तर नाही आला ना, ते बघत उभा राहिला. मी लगेच हसले. चांगली मोठ्यानं हसले, कारण तो वाट बघत होता.

शेजारच्या टेबलावर कॉलेजची दोन पोरं बसली होती. मोबाइलवरून पैसे भरणारी, बशीत कधी छदाम न टाकणारी. जाता जाता तो त्यांच्यावर ओरडला, "चौथा चहा! अभ्यास करताय की म्हशी धुताय रे?" त्यांच्या तोंडाकडे बघायलाही थांबला नाही. पोरांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. मला त्या पोरांचा फार हेवा वाटला.