बर्फावरच्या पेशी

आमची ही प्रयोगशाळेत मूत्रपिंडाच्या पेशी वाढवते आणि घरी येऊन माझं डोकं खाते. जेवताना विषय तोच. रक्त गाळणाऱ्या या पेशींना हात फुटतात, हातांना बारीक पाय फुटतात, शेजारणींचे पाय एकमेकींत गुंततात आणि गाळणी तयार होते. हा आकार धरून ठेवतो पेशीच्या आतला सांगाडा. हातांत नळ्या, पायांत तंतू. सांगाडा ढासळला की पाय आखडतात, गाळणीला भगदाडं पडतात आणि रक्तातली प्रथिनं लघवीवाटे निघून जातात. मला हे आता झोपेतही म्हणता येईल.

माझ्या ताईच्या मुलीचं नेमकं हेच बिनसलंय. चेहरा सुजतो, पाय सुजतात, औषधं खाऊन खाऊन पोरगी वैतागलीय. एक नवं औषध सांगाडा सावरेल अशी आशा होती. भाचीच्याच लघवीतून मिळालेल्या पेशी हिने ताटलीत वाढवल्या आणि त्यांना ते औषध दिलं. पाय फुटले, तर डॉक्टर पोरीला ते द्यायचा विचार करणार होते. ताई रोज फोन करून विचारायची. मी काय कपाळ सांगणार?

छायाचित्रांत सगळाच चुराडा. औषध दिलेल्या पेशींचं एक वेळ समजू, पण तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी पेशींचाही सांगाडा गायब. हिच्या मॅडम म्हणाल्या, पेशीच खराब असतील, नव्या आणा. नव्या आणल्या. तोच चुराडा. ही चिडायची, मी चिडायचो, आणि दोघं मिळून भांडी आपटायचो.

शेवटी चूक सापडली ती हिच्या टापटिपीत. आधीच्या नोकरीत सगळं बर्फावर ठेवायची शिस्त होती, ती अंगात मुरलेली. इथेही छायाचित्राआधी पेशी धुवायचं द्रावण ही बर्फगार करून घ्यायची. आणि सांगाड्यातल्या त्या नळ्या थंडीत विरघळतात! म्हणजे बाईसाहेब आधी सांगाडा मोडत होत्या आणि मग तो शोधत बसत होत्या. मॅडमनाही शंका आली नाही, कारण बर्फ वापरणारा माणूस काळजीपूर्वक काम करणारा समजतात. मी इतका हसलो, की ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या खेपेला द्रावण अंगाइतकं कोमट घेतलं. हिने मला प्रयोगशाळेत बोलावून पडदा दाखवला. निरोगी पेशी सुरेख पसरलेल्या, हातांत नळ्यांच्या स्वच्छ रेघा. सुटलो एकदाचे, म्हणत मी ताईला फोन लावायला मोबाइल काढला.

"थांब," ती म्हणाली आणि दुसरं चित्र उघडलं. भाचीच्या पेशी, औषध दिलेल्या. आखडलेल्या, बोडक्या, एकही पाय नाही.

"पुन्हा करून बघ ना. काहीतरी चुकलं असेल."

"पुन्हा पुन्हा केलं. आता माझं काही चुकत नाहीये रे."

मला तिचा नाही, त्या कोमट द्रावणाचा राग आला. चूक होती तोवर ताईला धीर धर म्हणता येत होतं.